काट्यामागची गृहीतके

मोटारीच्या वेगमापकाला वेग कळत नाही. त्याला कळते ते इतकेच, की गिअरबॉक्सच्या मागच्या टोकातून निघालेली एक तार मिनिटाला किती फेरे घेत आहे; आणि त्या फेऱ्यांवरून ताशी किलोमीटरचा आकडा काढण्यासाठी चाकाचा घेर अमुक आहे, डिफरन्शियलमधील दात्यांचे प्रमाण अमुक आहे, तार फिरवणाऱ्या चाकाला अमुक इतके दाते आहेत, अशी जी गृहीतके धरावी लागतात ती कारखान्यात एकदाच धरली जातात. पुढे गाडी पंधरा-वीस वर्षे चालते, टायर बदलतात, गिअरबॉक्स खाली उतरतो, एखादे वेळी भंगारातून आणलेला दुसराच वर चढतो, आणि तबकडी मात्र पहिल्या दिवशीच्या हिशेबानेच आकडे दाखवत राहते. जुन्या पिकअपच्या काट्यात शिरलेली चूक शोधणे म्हणजे यांपैकी कोणते गृहीतक मोडले आहे ते शोधणे होय. आणि हा शोध तबकडी उघडून सुरू करण्याऐवजी रस्त्यापासून वर चढत जाणे बहुधा कमी खर्चाचे आणि अधिक खात्रीचे ठरते.

वर्धा जिल्ह्याच्या आर्वी तालुक्यात, पुलगाव-आर्वी रस्त्यावर वसलेल्या रोहण्यासारख्या गावात अशा जुन्या पिकअपना तोटा नसतो. टाटांनी १९८८ मध्ये टाटामोबाइल २०६ बाजारात आणली. तिच्या वंशातील २०७ आणि महिंद्राच्या पिकअप यांनी बैलबंडी आणि ट्रक यांच्यामधली मोकळी जागा भरून काढली, आणि कापसाची बोंदरी, सोयाबीन-तुरीची पोती, संत्र्यांचे क्रेट व कायद्याला न विचारता लग्नाचे वऱ्हाडही त्यांच्यावर लादले गेले. या गाड्यांचा वेगमापक बिघडला तर तो दुरुस्त करून घेण्याची घाई सहसा कोणी करत नाही. कापूस मोजताना वजनकाट्यावर पाच किलोंचा फरक शेतकरी खपवून घेत नाही, आणि तो काटा ठरावीक मुदतीने तपासून त्यावर मुद्रा उमटवण्यासाठी सरकारचे वैधमापन खाते आहे. तोच कापूस वाहून नेणाऱ्या गाडीचा काटा ताशी दहा किलोमीटरने चुकला तरी तो वर्षानुवर्षे तसाच चालतो. याला केवळ बेफिकिरी म्हणणे अन्यायाचे होईल, कारण ओळखीच्या रस्त्यावर चालकाला काट्याची गरजच भासत नाही: इंजिनाचा आवाज, स्टिअरिंगमधून हाताला जाणवणारा कंप, कडेचे कडुनिंब मागे सरण्याची गती, खड्ड्यागणिक हौद्याचा होणारा खडखडाट, यांतून वेगाचा पुरेसा अंदाज त्याला येत असतो.

यांत्रिक वेगमापकाची रचना मुळात एका जर्मन शोधकाची आहे. ऑटो शुल्ट्झे याने १९०२ मध्ये तिचे पेटंट घेतले, आणि पुढची जवळजवळ ऐंशी वर्षे जगभरच्या मोटारी किरकोळ फेरफारांनिशी तीच वापरत राहिल्या. गिअरबॉक्समधून आलेली तार तबकडीच्या मागे एक छोटे चुंबक फिरवते. चुंबकावर, त्याला कोठेही न टेकता, ॲल्युमिनियमची एक वाटी बसवलेली असते आणि तिच्याच आसावर काटा असतो. फिरणाऱ्या चुंबकामुळे वाटीच्या पत्र्यात विजेचे लहान-लहान भोवरे निर्माण होतात, ज्यांना आवर्त प्रवाह म्हणतात, आणि ते वाटीला चुंबकाच्या दिशेने ओढू पाहतात. घड्याळात असते तशी केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. ओढ आणि खेच जिथे समान होतात तिथे काटा थांबतो. चुंबक जितके जलद फिरेल तितकी ओढ जास्त, म्हणून काटा तितका पुढे. ॲल्युमिनियम चुंबकाला चिकटत नाही, तरीही फिरत्या चुंबकाच्या ओढीत येते, ही गोष्ट कागदावर वाचताना सोपी वाटते. पण उघडलेल्या तबकडीत हाताने चुंबक फिरवून, कशाचाही स्पर्श नसताना काटा उठलेला पाहिला, की शुल्ट्झेच्या कल्पकतेची खरी ओळख पटते.

याच वाटीत विदर्भाच्या उन्हाळ्याचाही एक हिशेब दडलेला आहे. धातू तापला की त्याचा विजेला होणारा रोध वाढतो. ॲल्युमिनियमच्या बाबतीत ही वाढ दर अंशाला सुमारे ०.४ टक्के असते, म्हणजे उन्हात उभ्या केलेल्या गाडीचा डॅशबोर्ड ४० अंशांनी अधिक तापला तर वाटीचा रोध सुमारे १६ टक्क्यांनी वाढेल, आवर्त प्रवाह दुबळे होतील आणि काटा खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवील. मे महिन्यातील वर्ध्यात हा बिघाड रोज दुपारी घडायला हवा. तो तसा घडत नाही, कारण चुंबकाजवळ निकेल आणि लोखंडाच्या खास मिश्रधातूची एक पट्टी बसवलेली असते. ती थंड असताना चुंबकीय प्रवाहाचा काही भाग स्वतःतून वळवून नेते आणि तापली की कमी वळवते, त्यामुळे उष्णतेने वाटीचे जितके बिघडते तितके तिला वाढीव चुंबकत्वाने भरून मिळते. एवढी काळजी घेऊन बनवलेल्या उपकरणाला पहिल्याच संशयात पेचकस लावणे योग्य नाही.

दोष कोठे आहे हे ओळखण्याची किल्ली तबकडीवरच असते. एकच तार तेथे दोन कामे करते: एकीकडे ती चुंबक फिरवून काटा उचलते, आणि दुसरीकडे दात्यांच्या साखळीतून आकड्यांची चाके फिरवून अंतरमापक पुढे सरकवते, ज्याला चालक ‘रीडिंग’ म्हणतात. काट्याच्या वाटेवर चुंबक, वाटी आणि स्प्रिंग आहेत, म्हणजे तेथे झीज, उष्णता, तेल, धूळ यांना वाव आहे. अंतरमापकाच्या वाटेवर फक्त दाते आहेत, आणि दाते एक तर मोजतात किंवा तुटतात, ते थोडेसे चुकत नाहीत. तार तुटली किंवा गिअरबॉक्समधील तार फिरवणाऱ्या चाकाचे, म्हणजे मीटर पिनियनचे, दाते झिजून गेले, तर दोन्ही साक्षीदार एकाच वेळी मुके होतात. काटा चालतो आणि आकडे थांबलेले आहेत, तर तबकडीतील प्लास्टिकचे दाते गेले. आकडे बरोबर आणि काटा चुकीचा, तर दोष चुंबक-वाटी-स्प्रिंग या त्रयीत. आणि दोघेही एकाच प्रमाणात चुकत असतील, तर तबकडी निर्दोष आहे. तिला मिळणारे फेरेच चुकीचे आहेत, म्हणून शोध खाली, टायर आणि दात्यांकडे वळवायला हवा.

मात्र हे दोघे किती चुकतात हे कळण्यासाठी तिसरा, बाहेरचा साक्षीदार लागतो. पूर्वी तो मैलाचा दगड असे. पुलगाव-आर्वी ही आता बंद पडलेली नॅरोगेज रेल्वे याच पट्ट्यातून जात असे, आणि वेगमापक नसलेल्या इंजिनांवर रुळांच्या कडेच्या दोन खुणांमधला वेळ मोजून वेग काढण्याची रेल्वेतील रीत जुनीच आहे. तीच रीत पिकअपलाही लागू पडते: काटा एका आकड्यावर स्थिर ठेवायचा, शेजारी बसलेल्याने दोन किलोमीटर-खुणांमधले सेकंद मोजायचे आणि ३६०० ला त्या सेकंदांनी भागायचे. काटा ६० वर असताना किलोमीटरला ६० सेकंद लागले तर काटा खरा. ६५ लागले तर खरा वेग सुमारे ५५. ५६ च लागले तर तो ६४ च्या पुढे आहे. गावरस्त्यावरचे दगड रुंदीकरणात हललेले असू शकतात आणि तेथे म्हशींच्या कळपापुढे काटा स्थिर ठेवणेही जमत नाही. पण रोहण्याहून पुलगावकडे जाताना लागणाऱ्या विरूळला समृद्धी महामार्गावर चढता येते, आणि तेथील सरळ, सपाट, अडथळ्यांविना धावणारा रस्ता या तपासणीसाठी नामी आहे. नागपूर-शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला, आणि आर्वी तालुक्यातील जुन्या मालवाहू गाड्यांना काट्याची खरी गरज पडू लागली ती बहुधा तेव्हापासूनच. मोबाइलमधील उपग्रहाधारित वेगमापकही येथे उत्तम चालतो, कारण त्याचा टायरशी काही संबंध नाही. गाडी वेग घेत वा सोडत असताना तो क्षणभर मागे रेंगाळतो, म्हणून त्यालाही काही काळ स्थिर वेग द्यावा लागतो, आणि तो पाहण्याचे काम चालकाचे नसते.

तपासणी एकाच वेगावर थांबवू नये. ३०, ५० आणि ७० अशा तीन ठिकाणी फरक मोजला, की चुकीची जात कळते. ३० ला ३ आणि ७० ला ७ असा वाढत जाणारा फरक प्रमाणातला असतो, आणि त्याचे मूळ टायर, दाते किंवा स्प्रिंग यांत सापडते. सर्वत्र सारखाच ५ चा फरक असेल तर कोणीतरी काटा काढून चुकीच्या जागी दाबून बसवला आहे, आणि अशा गाडीचा काटा ती उभी असतानाही शून्यावर येत नाही. अंतरमापकाची परीक्षा वेगळी घ्यावी लागते: दहा किलोमीटरच्या खुणांमध्ये त्याने १०.४ मोजले, आणि काटा मात्र ८ टक्के जास्त दाखवत असेल, तर त्यातले ४ टक्के खालून आलेले आहेत आणि उरलेले तबकडीचे.

तबकडीच्या या उरलेल्या हिश्शाला दोष म्हणावे की नाही, हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा नाजूक आहे. भारतात वेगमापक असणे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११७ ने बंधनकारक केले आहे. काट्याने किती चुकावे याबाबत संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या विनियमाची भूमिका मोठी मासलेवाईक आहे: दाखवलेला वेग खऱ्या वेगापेक्षा कधीही कमी असता कामा नये, आणि जास्त असला तर खऱ्या वेगाच्या एक-दशांशात ४ मिळवून येईल तेवढाच असावा. म्हणजे खरा वेग ८० असेल तर काटा ९२ पर्यंत दाखवू शकतो, पण ७९ दाखवू शकत नाही. समृद्धीवर मालवाहू गाड्यांना ताशी ८० ची मर्यादा आहे. ती काट्यावर पाहून पाळणारा प्रामाणिक चालक प्रत्यक्षात ६९ नेच चालला असण्याचीही शक्यता या सूत्रात बसते. उत्पादक त्यामुळे काटा मुद्दाम थोडा पुढे लावतात, अंतरमापक मात्र जवळजवळ बरोबर ठेवतात. तेव्हा आकडे खरे आणि काटा चार-पाच टक्के चढा असलेली गाडी मिस्तरीकडे नेण्यासारखी नाही. ती जशी बनवली तशीच आहे.

खालून येणाऱ्या चुकीचे पहिले कारण टायर. २१५/७५ आर १५ या मापाच्या टायरचा व्यास सुमारे ७०३ मिलिमीटर भरतो आणि घेर २.२१ मीटर; त्याच रिमवर २३५/७५ चढवला तर घेर २.३० मीटर होतो, म्हणजे सव्वाचार टक्क्यांनी वाढतो. काटा ८० दाखवत असताना गाडी मग ८३ च्या पुढे असते, आणि मालकाला वाटते की मोठे टायर टाकल्यापासून गाडी सुस्त झाली. उलट, नव्या टायरची नक्षी आठ मिलिमीटरांवरून दोनवर झिजली की त्रिज्या सहा मिलिमीटरांनी घटते, घेर १.७ टक्क्यांनी आखडतो आणि हजार किलोमीटरच्या प्रवासात अंतरमापक सतरा किलोमीटर फुकटचे मोजतो. यातून एक गंमत उद्भवते: गुळगुळीत टायरवर गाडी कागदावर चांगले ॲव्हरेज देते आणि नवे टायर घातले की ते घसरल्यासारखे दिसते, त्यामुळे डिझेलची वही काटेकोरपणे लिहिणारा मालकच टायर बदलायला सगळ्यात नाखूश असतो. किलोमीटरवर ठरलेल्या भाड्यात हेच सतरा किलोमीटर गिऱ्हाइकाच्या माथी बसतात.

पावसाळ्यात काळ्या जमिनीतील पांदण रस्त्यावर फसलेली पिकअप हे सगळे गणित एका दृश्यात मांडते. मागचे एक चाक चिखलात गरगरत असते, दुसरे जागचे हलत नाही, गाडी तसूभर सरकत नाही, आणि काटा २० वर उभा असतो. डिफरन्शियलमुळे शाफ्टचे फेरे दोन्ही चाकांच्या सरासरीने ठरतात. म्हणून काटा २० दाखवतो तेव्हा फिरणारे चाक ४० च्या गतीने चिखल उडवत असते. वेगमापक जमिनीकडे पाहत नाही, हे याहून स्पष्ट कोठेच दिसत नाही.

टायर कंपनीने सांगितलेल्या मापाचे असतील तर पुढचा संशय दात्यांवर जातो. गिअरबॉक्सच्या मागच्या शाफ्टवरील वर्म, म्हणजे स्क्रूसारखे आटे असलेला भाग, मीटर पिनियन नावाचे छोटे, बहुधा प्लास्टिकचे चाक फिरवतो आणि ते चाक तारेला फेरे देते. मागच्या हाउसिंगमधील, म्हणजे डिफरन्शियलमधील, क्राऊन-पिनियनच्या प्रमाणानुसार या चाकाचे दाते ठरवलेले असतात. १९ दात्यांच्या जागी २० दात्यांचे चाक बसले तर तार पाच टक्के कमी फिरते, आणि दिसायला दोन्ही चाके इतकी सारखी असतात की मोजल्याशिवाय फरक कळत नाही. चढावर ओढ मिळावी म्हणून हाउसिंग बदलले, किंवा दुसऱ्या गाडीचा गिअरबॉक्स टाकला, आणि काटा तेव्हापासून बिघडला असे मालक सांगत असेल, तर दुसरे काहीही उघडण्याआधी हे दाते मोजावेत. बिघाड कधीपासून सुरू झाला हा प्रश्न कोणत्याही हत्याराइतकाच उपयोगी असतो, आणि तो विचारलाच जात नाही.

तारेवर मात्र विनाकारण ठपका येतो. तिच्या एका टोकाला जितके फेरे पडतात तितकेच दुसऱ्या टोकाला पोचतात, त्यामुळे स्थिर, प्रमाणातली चूक तार करूच शकत नाही; ती करते ते काट्याचा थरथराट, झेप आणि किरकिर. कोरडी पडलेली किंवा मोडलेली तार नळीत अडकते, पीळ साठवते आणि एकदम सोडते, म्हणून काटा ३० ते ५० मध्ये नाचतो. ती तपासण्याची पद्धत साधी आणि पाहण्यासारखी आहे: आतली तार नळीतून ओढून काढायची, कापडाने पुसायची, दोन्ही टोके दोन हातांत धरून मधे झोळ सोडायचा आणि एक टोक चिमटीत सावकाश फिरवायचे. चांगली तार दुसऱ्या हातात तितक्याच सावकाशीने फिरते. कोठे बाक आलेला असेल तर झोळ क्षणभर अडतो आणि टुणकन उडी मारतो, आणि काट्याचा सगळा नाच त्या एका उडीत दिसतो. परत बसवताना खालच्या दोन-तृतीयांश भागाला पातळसर ग्रीस पुरते. वरचा भाग कोरडाच ठेवायचा, कारण फिरती तार वंगण वर चढवत नेते आणि ते वाटीत पोचले की काटा चिकटतो किंवा खऱ्यापेक्षा पुढे पळतो. तबकडीच्या काचेआड तेलाचा डाग दिसला तर गिअरबॉक्सकडचे पिनियनचे सील गळत आहे असे समजावे. अशा वेळी नुसते मीटर बदलले तर नवेही काही महिन्यांत तेलकट होते.

अलीकडच्या पिकअपमध्ये तारेच्या जागी सेन्सर आला आहे. तो शाफ्टच्या फेऱ्यांनुसार विजेचे ठोके पाठवतो. तेथे सैल कनेक्टर आणि खराब अर्थिंग यांकडे आधी पाहावे लागते, पण टायर आणि दाते यांचे गणित तेच राहते.

एवढे सगळे तपासून झाल्यावरच तबकडीकडे यावे. तिच्यावर बारीक अक्षरांत किलोमीटरमागे किती फेरे हा आकडा पुष्कळदा छापलेला असतो; जपानी मानकात तो ६३७ आहे, आणि अमेरिकेतील मैलाला १००० फेरे हे प्रमाण किलोमीटरला सुमारे ६२१ पडते. ताशी ६० म्हणजे मिनिटाला एक किलोमीटर, म्हणून तार मिनिटाला बरोबर तितके फेरे फिरवली तर काटा ६० वर यायला हवा, अशी परीक्षा टेबलावरही घेता येते. भंगारातून आणलेले मीटर बसवताना हा आकडा जुळवला नाही तर एक चूक काढून दुसरी बसवल्यासारखे होते. शिवाय त्या मीटरवर दुसऱ्याच गाडीचे आयुष्य मोजलेले असते; मीटर बदलल्याची तारीख आणि जुने रीडिंग सर्व्हिसच्या वहीत लिहून ठेवणे, हे पुढे ती गाडी विकत घेणाऱ्याच्या दृष्टीने दुरुस्तीइतकेच महत्त्वाचे आहे. आकडे मागे फिरवून गाडी विकणे हा वेगळाच धंदा आहे.

चुकीच्या काट्यांमध्येही भेद करावा लागतो. मेलेला काटा फसवत नाही; चढा काटा चालकाला थोडे हळू नेतो; घातक असतो तो कमी दाखवणारा. मोठे टायर, जास्त दात्यांचे पिनियन, क्षीण झालेले चुंबक, हे तिन्ही दोष याच दिशेने चुकवतात, आणि वेग दहा टक्क्यांनी वाढला की थांबण्यासाठी ब्रेकना जिरवावी लागणारी ऊर्जा २१ टक्क्यांनी वाढते. जुन्या रस्त्यावर शरीराचा अंदाज या चुकीला आवर घालत असे. समृद्धीवर तो अंदाजच निकामी होतो: झाडे दूर, रस्ता रुंद, खड्डा नाही, खडखडाट नाही, त्यामुळे ८० चा वेग ५० सारखा वाटतो, आणि तासभर तसे चालल्यावर विरूळला खाली उतरणाऱ्या चालकाला वळणावरचा ६० चा वेग रांगल्यासारखा भासतो. वेगाची सवय झालेल्या डोळ्यांना तेव्हा काट्याशिवाय दुसरा आधार नसतो. त्यामुळे चढा काटा पुढच्या सर्व्हिसिंगपर्यंत थांबू शकतो. कमी दाखवणारा काटा घेऊन महामार्गावर चढण्याआधी टायरचे माप आणि पिनियनचे दाते तपासून घ्यावेत, आणि ते काम होईपर्यंत गाडी पुलगाव-आर्वी रस्त्यावरच ठेवावी.